ओळंबा

आमच्या शिवारातली जमीन काळी आणि खोल. पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तिथंच राहते, आणि वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात की हातातली काठी निम्मी आत जावी. कपाशीला ही माती मानवते, घराला मानवत नाही. पाणी पिऊन ती फुगते, उन्हानं आकसते आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं दरवर्षी थोडं थोडं हलवते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गवंड्याला हे ठाऊक असतं. आमच्या बाबांनाही ठाऊक होतं. तरी आमच्या घराची भिंत तडकलीच.

मी तेव्हा सातवीत होतो. त्या साली कापूस बरा पिकला होता, चुकारेही लवकर हाती आले होते. बाबांनी कुडाचं घर मोडून विटांचं बांधायला काढलं. गावातलेच एक म्हातारे मिस्त्री कामावर होते. पायव्याची खोदाई तीन फुटांवर गेली तरी खाली काळीच माती. मुरूम कुठं दिसेना. खोदणाऱ्यांची रोजी वाढत चालली, तसे बाबा कावले. म्हणाले, "बस झालं आता. येथूनच घ्या." मिस्त्री नालीच्या काठावर उकिडवे बसून बराच वेळ आत पाहत राहिले. मग उठले, धोतराची माती झटकली आणि कामाला लागले. बोलले काहीच नाहीत.

दोन पावसाळे गेले. मागच्या भिंतीला वरून खाली तिरपी रेघ पडली. तिसऱ्या उन्हाळ्यात त्या रेघेत माझं बोट जाऊ लागलं. बाबांनी पारावरच्या चार माणसांदेखत मिस्त्रींना बोलावून घेतलं आणि नको ते बोलले. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. पिशवीतून ओळंबा काढला, भिंतीच्या माथ्याला दोरी धरून खाली सोडला. लोखंडी लोलक हेलकावे खात राहिला. सगळे पाहत होते. तो थांबला तेव्हा दोरी आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर होतं.

"भित सरळ हाय," मिस्त्री म्हणाले. "खालची जमीन हालली. पायवा काळ्यात हाय."

बाबा गप्प झाले. खोदाई कोणी थांबवली हे त्यांना आठवलं असावं. एवढ्यावर मिस्त्रींची सुटका झाली होती. पण ते तिथं थांबले नाहीत. ओळंबा गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मले मालूम होतं, भाऊ. नालीच्या काठावर बसलो होतो तवाच मालूम होतं. तुमी थांबवा म्हणलं, अन् मी बोललो नाई. काम हातचं जाईन वाटलं. तेवढी चूक माही हाय."

पुढच्या उन्हाळ्यात ती भिंत उतरवली. सहा फुटांवर मुरूम लागला, तिथून नवा पायवा घेतला. त्या कामाची मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही. बाबांनी दिवाळीला दोन पोते ज्वारी त्यांच्या घरी टाकली. पुढं त्यांचे हात कापायला लागले तेव्हा ते एक दिवस आले आणि ओळंबा माझ्या हातात ठेवून गेले. तो अजून आमच्या ओसरीच्या खिळ्याला आहे.

ही गोष्ट मी वीस वर्षं मिस्त्रींच्या चांगुलपणाची गोष्ट म्हणून सांगत होतो. ती माझीच गोष्ट आहे, हे कळायला दुकान बुडावं लागलं.

कृषी पदविका करून मी तालुक्याच्या गावी कृषी केंद्र टाकलं होतं. बियाणं, खत, औषधं. आमच्याकडं हा धंदा उधारीवरच चालतो. जूनमध्ये माल उचलायचा, कापूस निघाला की पैसे द्यायचे. मलाही ठोक व्यापाऱ्याकडून तसाच माल मिळे. सहा हंगाम बरे गेले. मग २०१७ आलं.

त्या साली ऑगस्ट सरता सरता मी आमच्या धुऱ्याला धुरा असलेल्या नानांच्या वावरात उभा होतो. एका झाडावर फूल मिटलेलं दिसलं. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींत पिळल्या होत्या. आम्ही तिला डोमकळी म्हणतो. उघडून पाहिली, आत अळी. पदविकेच्या पुस्तकात हे चित्र होतं. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून त्याच वेळी डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, कामगंध सापळे लावायचे आणि हे एकट्याच्या वावरात नाही तर सगळ्या शिवारात करायचं, हे मला पाठ होतं. मी ती कळी चुरगळून धुऱ्यावर टाकली. दुकानात औषधाची खोकी पडून होती आणि ती उधारीची होती.

"नाना, दोन फवारण्या जास्तीच्या घ्या," मी म्हणालो.

नानांनी घेतल्या. त्या साली कपाशी डोक्याएवढी वाढली होती. तिच्यात शिरून फवारताना औषध अंगावर येई. त्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, हे सगळ्या देशानं वाचलं. नाना आठ दिवस दवाखान्यात होते. डोळे जळत होते, पोटात पाणी ठरत नव्हतं. वाचले. कपाशी मात्र वाचली नाही. बोंडं फुटलीच नाहीत आणि फुटली त्यांत कवडी. कोणाची उधारी परत यायची? फेब्रुवारीत मी शटर ओढलं.

लोकांना मी सांगितलं, अळीनं बुडवलं. खोटं नव्हतं ते. घरी बसलो. पारावर जाणं सोडलं. भेटेल तो म्हणे, अपयश ही यशाची पहिली पायरी असते. मला त्या पायरीचा राग येई. ज्याला पडायची वेळ आली नाही त्याला हे वाक्य बरं सुचतं. आणि आमच्या जिल्ह्यात तर ते वाक्य कोणाला उद्देशून म्हणतो आहोत याचं भान ठेवावं लागतं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले, गाणं-भजन जाणणारे शेतकरी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी बायको-मुलांसह पवनारजवळ जीवनयात्रा संपवली. त्यांना कोणी 'अपयशातून शिका' म्हणून दाखवावं. शेताचा भाव आपण ठरवत नाही, पाऊस आपण ठरवत नाही. जमीनच हलणारी असेल तर भिंतीनं काय धडा घ्यायचा?

त्या उन्हाळ्यात बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेलो. मुक्काम एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडं होता. तरुणपणी ते आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात होते, तेव्हापासून बाबांची त्यांची ओळख. त्यांच्या टेबलावर पितळेची एक लहानशी वस्तू होती. गुण्या आणि त्यावर उघडलेला कंपास. बाबांनी एका डोळ्यानं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे तं मिस्त्रीचं सामान हाय."

डॉक्टर मनापासून हसले. "बरोबर ओळखलंत. मी मिस्त्रीच आहे. फ्रीमेसन."

हे नाव मी सिनेमात आणि कुजबुजीतच ऐकलं होतं. जुन्या काळी लोक यांच्या लॉजला जादूघर म्हणत. बंद दारं, अंगावर एप्रन, आत काय चालतं कोणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, जादू काही नाही. युरोपात दगडी देवळं बांधणाऱ्या गवंड्यांच्या मंडळ्या होत्या. पुढं गवंडी नसलेली माणसंही त्यांत येऊ लागली आणि अवजारं तेवढी खूण म्हणून उरली. १७१७ मध्ये लंडनला त्यांची पहिली ग्रँड लॉज झाली, आपल्याकडं १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया. लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब असे ग्रंथ ठेवतात. ज्यानं त्यानं आपल्या ग्रंथावर शपथ घ्यायची. धर्म आणि राजकारण यांवर आत वाद घालायचा नाही. ओळखीच्या काही खुणा आहेत, त्या गुप्त. बाकीचं पुस्तकांतून छापलेलं आहे.

"आणि करता काय?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी टोचणी होती.

"दगड घडवतो," ते म्हणाले. "आमच्या लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात. एक खाणीतून काढलेला, ओबडधोबड. दुसरा घडवलेला, चौकोनी. पहिला म्हणजे मी. हातोडा आणि छिन्नी माझ्याच हातात. ओळंब्यानं पाहायचं, माझं वागणं सरळ आहे का. पाणसळीनं पाहायचं, समोरच्याला मी खालचा तर समजत नाही ना. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, ते मी कशाला किती दिले."

मला ते जरा गोडगोड वाटलं. शहरातल्या पोट भरलेल्या माणसांनी गवंड्याची अवजारं घ्यायची, गवंड्याला मात्र आत कोण विचारतं? मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, हा आक्षेप जुना आहे आणि खरा आहे. मग त्यांनी मला मुंबईच्या माणेकजी कर्सेटजींची हकीकत सांगितली.

हे पारशी गृहस्थ पॅरिसला गेले असताना तिथं फ्रीमेसन झाले. मुंबईला परतल्यावर इथल्या इंग्रजांच्या लॉजमध्ये यायला निघाले, तर त्यांना घेतलं नाही. सगळी माणसं एका पातळीवर भेटतात असं सांगणारी मंडळी, आणि हिंदी माणूस दाराशी आला की दार बंद. तेव्हा मुंबईत कंपनीच्या नोकरीतले एक स्कॉटिश डॉक्टर होते, जेम्स बर्न्स. ते स्वतः मोठे फ्रीमेसन. त्यांनी पुढाकार घेऊन १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही नवी लॉज काढली आणि तीत हिंदी लोकांना प्रवेश दिला. माणेकजी त्या लॉजचे झाले. पुढं ते मुंबईत न्यायाधीश होते, आणि १८६३ मध्ये त्यांनी मुलींसाठी इंग्रजी शाळाही काढली.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाले, "माणेकजींना नकार मिळाला, हे अपयश कोणाचं? त्यांचं, का त्या लॉजचं?"

मी म्हणालो, "लॉजचं."

"मग धडा कोणी घ्यायचा?"

मला आमची मागची भिंत आठवली. सरळ होती ती. दोष खालच्या जमिनीत होता. माझ्या मनात आलं, सगळ्यात आधी हे निवडून घ्यायला हवं. पाखडल्यासारखं. भिंतीचं काय आणि जमिनीचं काय. जमिनीचा दोष भिंतीच्या माथी मारून तिला 'शीक' म्हणणं हा अन्याय आहे. करप्यांच्या बाबतीत शिकायचं होतं ते त्यांनी नव्हे. भाव ठरवणाऱ्यांनी, कर्ज देणाऱ्यांनी आणि आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही. इथवर मला बरं वाटलं. माझंही तसंच नाही का? अळी माझी नव्हती, बियाणं मी बनवलं नव्हतं. मी सुटलो.

पण मिस्त्री सुटले असताना थांबले नव्हते.

रात्री बाबा झोपल्यावर मी डॉक्टरांना डोमकळीचं सांगितलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. धुऱ्यावर चुरगळून टाकलेली कळी, दुकानातली खोकी, नानांचे आठ दिवस. डॉक्टरांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं होतं, आता काही उपदेश येईल. बराच वेळ पंख्याचाच आवाज होता. मग ते म्हणाले, "आमच्यात पहिल्या दिवशी काय करतात ते सांगतो. आत नेण्याआधी माणसाच्या अंगावरचा सगळा पैसाअडका, धातूची वस्तू काढून घेतात. डोळे बांधतात. पुढं डोळे उघडल्यावर त्याला ईशान्येच्या कोपऱ्यात उभं करतात, कारण इमारतीचा पहिला दगड तिथं बसवायची रीत आहे. आणि तिथं त्याच्यापुढं हात पसरतात, गरिबांसाठी काही दे म्हणून. तो खिसे चाचपतो. काहीच नसतं. सगळ्यांसमोर त्याला म्हणावं लागतं, माझ्याजवळ काही नाही."

"मग?"

"मग एवढंच सांगतात की हा क्षण विसरू नकोस. पुढं कोणी रिकाम्या हातानं तुझ्यापुढं आला, तर आज तू कसा उभा होतास ते आठव. मला दीक्षा घेऊन चाळीस वर्षं झाली. बाकीचं पुष्कळ विसरलो. ते खिसे चाचपणं नाही विसरलो."

आमच्याकडंही पायव्याची पूजा ईशान्येला करतात. पण त्या कोपऱ्यात माणसाला रिकाम्या हातानं उभं करावं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी दुकान बुडाल्यापासून रिकामाच होतो. फक्त ते कोणापुढं म्हणत नव्हतो. घरात तोंड लपवून बसणं आणि चार माणसांत 'माझ्याजवळ काही नाही' म्हणणं यांत फार अंतर आहे. पहिल्यानं माणूस कुजतो.

डॉक्टरांनी मला फ्रीमेसन हो म्हटलं नाही. मी झालोही नाही. पुरुषांचीच ती मंडळी, शहरातली. मला माझा पार पुरे आहे. त्यांची एक गोष्ट मात्र मला पटली. त्यांच्या पुराणात देऊळ बांधणारा मुख्य मिस्त्री देऊळ पुरं व्हायच्या आत मारला जातो आणि त्याच्याबरोबर कामाचा खरा शब्द हरवतो. उरलेली माणसं बदली शब्दावर काम चालवतात. म्हणजे त्यांच्या सगळ्या विद्येच्या मध्यभागी एक अर्धवट राहिलेलं काम आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

गावी आलो. तिसऱ्या दिवशी नानांच्या वावरात गेलो. ते पऱ्हाट्या वेचून ढीग लावत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "नाना, मागच्या साली मले डोमकळी दिसली होती. तुमच्याच वावरात. मी बोललो नाई. माल विकाचा होता."

नानांनी हातातली पऱ्हाटी ढिगावर टाकली. माझ्याकडं पाहिलं नाही.

"मलेही दिसली होती," ते म्हणाले.

मला काही सुचेना.

"म्हटलं, काहीतरी यगळं दिसते. पण तू शिकलेला. तुह्याच दुकानातून बी नेलं. म्हटलं, असन काही तं हा सांगनच."

याहून शिव्या बऱ्या होत्या. त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तो शब्द आमच्यात आला नाही, अजूनही आलेला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पदरचं पाणी मला प्यायला दिलं आणि म्हणाले, "आता सांग मंग. मले काय सांगतं? पारावर चाल."

त्या संध्याकाळी मी पारावर उभा राहिलो. दुकानाचं, डोमकळीचं, सगळं सांगितलं. दोघं उठून गेले. एकानं विचारलं, "आमच्या उधारीचं काय?" मी म्हणालो, उधारी आहे ती आहे, मी मागायला येणार नाही, ज्याला जमेल त्यानं जमेल तेव्हा द्यावी, माझ्यावरचं कर्ज मी शेतातून फेडीन. ते कर्ज अजून पुरतं फिटलेलं नाही. यातून माझा फार उत्कर्ष झाला असं कोणी समजू नये. दुकान गेलं ते गेलंच.

पण त्या जूनपासून एक झालं. आम्ही बाराजणांनी मिळून शिवारात कामगंध सापळे लावले. जुन्या पऱ्हाट्या उन्हाळ्यातच काढून टाकल्या, फरदड घेतली नाही. ऑगस्टात रोज सकाळी कोणीतरी दोघं एकमेकांच्या वावरातून फिरत. डोमकळी दिसली की ती तोडायची आणि तिथंच ओरडून सांगायचं. अळी यायची तेवढी आली. पण ती कोणाच्या वावरात गुपचूप आली नाही.

आता मी अपयशाकडं पाहतो तेव्हा तीन वाटे करतो. एक माझ्या हाताचा, विद्येचा. तो सरावानं सुधारतो. दुसरा जमिनीचा. त्यासाठी मला दोष देऊ नका, मीही कोणाला देणार नाही. त्यासाठी मिळून भांडावं लागतं. तिसरा वाटा लहान असतो, दिसतही नाही. मला मालूम होतं आणि मी बोललो नाही, तो. माणूस म्हणून मी काही वाढलो असेन, तर त्या तिसऱ्या वाट्यातून. आणि हे तिन्ही वाटे ज्याचे त्यानंच करायचे असतात. पडलेल्या माणसापुढं जाऊन आपण त्याच्यासाठी वाटे करू लागलो की ती चौकशी होते. त्याच्याजवळ नुसतं बसावं. तो बोलला तर ऐकावं.

२०१९ च्या १९ मार्चला करप्यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग करणारे पुष्कळ होते. मी आणि नानाही आमच्या ओसरीत दिवसभर उपाशी बसलो होतो. दुपारी वारा सुटला आणि खिळ्यावरचा ओळंबा भिंतीवर टकटक वाजू लागला. नाना म्हणाले, "धर ना त्याले."

मी म्हणालो, "धरला तं तो खोटं सांगते, नाना. आपोआप थांबू द्या."

मग आम्ही दोघं तो थांबायची वाट पाहत बसलो.